गडगा राहू दे

चि. निखिल यास,



काल रेवतीचा फोन आला होता. घराचं काम संपत आलं, ओटाही बांधून झाला, आता पाऊस लागायच्या आत मागचं रान जेसीबी लावून साफ करायचं ठरलंय म्हणाली. जुना गडगा पाडायचा, आडव्या पडलेल्या फणसाचा ओंडका उचलून टाकायचा, पाचोळा गोळा करून पेटवायचा, म्हणजे विंचवांची कटकटच मिटली. सई रांगायला लागलीय. तिच्या काळजीने तुम्हा दोघांना झोप लागत नाही, हे मला कळतं; मलाही तीच काळजी आहे. म्हणूनच लिहायला बसलेय. फोनवर हे सगळं सांगायला गेले की तू 'हो गं मावशी' म्हणतोस आणि पुढच्या कामाला लागतोस.

पावसाळा सरल्यावर मी तुमच्याकडे राहायला आले होते, तेव्हा जेवणं झाली की यूव्ही टॉर्च घेऊन मागे जायचे. त्या उजेडात विंचू हिरवट-निळा चमकतो. त्याच्या कवचातल्या द्रव्यांचा तो गुण; नुकतीच कात टाकलेला विंचू मात्र चमकत नाही, कवच कडक होईल तसतशी चमक येते. तू एकदा माझ्याबरोबर आलास, चार ठिकाणी चमकताना पाहिलंस आणि घरात जाऊन रेवतीला सांगितलंस, 'मागे विंचवांचा सुळसुळाट आहे.' तुला सगळे सारखेच दिसले. ते सारखे नव्हते, आणि माझं सगळं म्हणणं त्यातच आहे.

गडग्यात राहतो तो अंगाने चपटा. पुढचे चिमटे रुंद, शेपटी बारीक. दोन दगडांमधल्या फटीत तो असा बसतो की फक्त चिमट्यांची टोकं बाहेर. किरोमॅकीटीस आणि त्याचे भाईबंद सह्याद्रीतल्या खडकांच्या फटींत असेच राहतात. त्याला जमिनीवर मोकळं सोडलं तर तो गोंधळतो, फट मिळाली की अंग दाबून आत शिरतो. फणसाच्या खोडावर, सालीच्या ढलप्यांत दिसला तो अगदी वेगळा: सडपातळ, ठिपक्याठिपक्यांचा, सालीच्याच रंगाचा. लायकस किंवा आयसोमेट्रस यांच्यापैकी कुणीतरी. असले बारके विंचू सालीखाली, वाळक्या फांद्यांत आणि पाचोळ्याच्या वरच्या थरात वावरतात. मुंबईच्या आरेमध्ये सापडलेल्या अशाच एका बारक्या विंचवाला लायकस आरेयेन्सिस असं नाव दिलं गेलं. एवढ्या मोठ्या शहराच्या पोटात तो तगून होता, कारण आरेत झाडं आणि पाचोळा शिल्लक होता.

आणि मग इंगळी. ओंडक्याच्या बुडाशी जमिनीत अर्धचंद्रासारखं तोंड असलेलं बीळ आहे ना, ते तिचं. काळीभोर, हाताच्या पंजाएवढी, चिमटे खेकड्यासारखे. तुला सर्वांत जास्त भीती तिचीच वाटली, आणि सर्वांत कमी भ्यावं असं तिच्यात आहे. ती डसली तर दुखतं, सूज येते. पण लाल विंचवाच्या विषाशी तिच्या विषाची तुलनाच नको. 2020 साली लोरेन्झो प्रेन्डिनी आणि स्टेफनी लोरिया या संशोधकांनी या थोराड विंचवांची नव्याने मांडणी केली आणि त्यातल्या एका गटाला सह्याद्रीमेट्रस हे नाव दिलं. आपल्या डोंगराच्या नावाचे विंचू आहेत, हे मला फार भावलं.

तिच्या बिळाशी मी बराच वेळ बसले होते. इंगळी दाराशी आली की थांबते; अख्खी बाहेर पडत नाही. चिमटे उघडे, शेपटी पाठीवर सैल पडलेली. त्या रात्री खोडावरून एक बारका विंचू खाली उतरला, बहुधा वाळवीच्या मागावर. बिळापासून वीतभर अंतरावर तो पोचला असेल नसेल, इंगळी झेपावली. तिने नांगी वापरलीच नाही. एका चिमट्यात त्याची शेपटी, दुसऱ्यात धड, आणि ते तसंच धरून ती मागे मागे सरकत बिळात गेली. विंचवांच्या जाती जंगलात एकत्र कशा राहतात, असं मला कुणी विचारलं की मला ते मागे सरकणं आठवतं. एकमेकांशी त्यांचा सलोखा अजिबात नाही. मोठा विंचू लहान विंचवाला खातो. परक्या जातीच्या, आणि वेळ आली तर स्वतःच्याही.

हे नुसतं माझ्या पाहण्यातलं नाही. गॅरी पोलिस नावाचा अमेरिकन शास्त्रज्ञ होता. 2000 साली कॅलिफोर्नियाच्या आखातात नाव उलटून तो गेला. त्याने आणि शॅरन मॅकॉर्मिकने कॅलिफोर्नियाच्या कोचेला खोऱ्यात एक दांडगा प्रयोग केला, तो 1987 साली छापून आला. तिथल्या वाळूत एका मोठ्या जातीच्या विंचवांचं राज्य होतं. या दोघांनी 29 महिने रात्री-अपरात्री फिरून ठरावीक तुकड्यांमधून त्या जातीचे 6000 हून अधिक विंचू उचलून नेले. त्या तुकड्यांत लहान जातींचे विंचू वाढले. आता तुला वाटेल, मोठे गेल्यावर खाणं जास्त उरलं म्हणून लहान वाढले. त्यांनी तेही तपासलं. खाण्याच्या वाटणीपेक्षा मोठ्यांच्या तोंडी जाणं हेच लहानांना आवरून धरत होतं. आपण स्पर्धा म्हणतो तेव्हा एकाच ताटावरून भांडणं डोळ्यांसमोर येतं. विंचवांच्या बाबतीत शेजारी हाच ताटात असतो.

ते वाळवंट, आपलं पावसाचं रान. फरक आहेच. एका जागी विंचवांच्या सर्वांत जास्त जाती सापडतात त्या घनदाट जंगलात नव्हे, तर मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्नियासारख्या कोरड्या प्रदेशात. उष्ण कटिबंधातल्या जंगलात त्यांना मुंग्या, घोणी, कोळी, बेडूक, पाली अशा कितीतरी तोंडांमधून आपला घास काढावा लागतो. पण आपापसात एकमेकांना खाण्याची रीत तिथेही तीच. मग लहान जाती संपून का जात नाहीत?

कारण जंगलात जागा भरपूर प्रकारच्या असतात, आणि प्रत्येक जागेत प्रत्येकाला शिरता येत नाही. इंगळीच्या चिमट्यांत ताकद आहे, बीळ खणायला ते उत्तम. पण त्या अवजड देहाने तिला सालीच्या ढलपीखाली जाता येत नाही की गडग्याच्या बोटभर फटीत. चपट्याला फट आहे, पण बीळ खणणं त्याचं काम नाही. बारक्याला झाडावर चढता येतं. टेक्सासात सेंट्रुरॉइड्स व्हिटॅटस नावाचा विंचू आहे. भक्ष्य हाती लागलं की तो ते घेऊन झुडपावर चढतो आणि वर बसून खातो. खाताना विंचू हलत नाही, त्याचे चिमटे आणि तोंड गुंतलेलं असतं. खाली जमिनीवर तेवढा वेळ बसणं म्हणजे कुणाच्या तरी तोंडी जाणं.

ब्राझीलमध्ये हे आणखी स्पष्ट दिसतं. ॲमेझॉनच्या जंगलात, मनाउसच्या आसपास, ब्रोथियस ॲमेझोनिकस जमिनीवर आणि पडलेल्या लाकडांखाली राहतो, तर टिटियस मेटुएन्डस झाडांवर, ताडमाडांवर. त्याच देशाच्या पूर्व किनाऱ्याला, पर्नांबुको राज्यात, अटलांटिक जंगलाचे तुकडे शिल्लक आहेत. तिथे टिटियस पुसिलस हा इवलासा विंचू आयुष्यभर पाचोळ्यात राहतो, आणि त्याचा चुलतभाऊ टिटियस नेग्लेक्टस ब्रोमेलियाच्या पानांच्या बेचक्यांत. तू ज्याला कचरा म्हणून पेटवायला निघालास, त्या पाचोळ्यावर तिथे लोकांनी वर्षानुवर्षं काम केलंय. पाचोळा म्हणजे एक थर नसतो. वर सुकी, मोठी, कुरकुरीत पानं; त्याखाली ओलसर, जाळीदार झालेली; आणि अगदी तळाला माती होत चाललेला चुरा. लहान विंचवाची पिल्लं आणि मोठं झालेलं जनावर यांना एकाच चौरस फुटात वेगवेगळं घर मिळतं ते या थरांमुळे.

पिल्लांचा विषय निघाला म्हणून सांगते, कारण मला त्यांच्याबद्दल विशेष ममत्व आहे. विंचवीण अंडी घालत नाही, पिल्लांना जन्म देते. पांढरीशुभ्र, मऊ पिल्लं आईच्या पाठीवर चढून बसतात आणि पहिली कात टाकेपर्यंत खाली उतरत नाहीत. बहुतेक जातींत त्यानंतर ती पांगतात. इंगळ्यांमध्ये मात्र कुटुंब बरेच महिने एका बिळात राहतं. बंगळूरकडे टी. शिवशंकर यांनी हेटेरोमेट्रस फुल्विपेस या आपल्याच इंगळीच्या नात्यातल्या जातीवर काम करून 1994 साली ते मांडलं. त्या ओंडक्याखालच्या बिळात मी पाहिलेली एकटी इंगळी होती की तिच्यामागे पोरं होती, हे टॉर्चने दिसत नाही. जेसीबीच्या दातांनाही ते दिसणार नाही.

पोलिसने आणखी एक गोष्ट लक्षात आणून दिली होती. विंचू मोठा व्हायला वेळ घेतो. काही जातींना दोन-चार वर्षं लागतात. या काळात त्याचा आकार इतका बदलतो की एकाच जातीची पिल्लं, अर्धवट वाढलेले आणि थोर हे जणू वेगवेगळ्या जातींसारखे वागतात: खाणं वेगळं, बाहेर पडायची वेळ वेगळी, लपायची जागा वेगळी. इंगळीचं पिल्लू सालीवरच्या थोर लायकसपेक्षा लहान असतं, तेव्हा खाणारा तो असतो. दोन-तीन वर्षांनी बाजू उलटते. म्हणजे तुझ्या रानात पाच जाती असतील तर प्रत्यक्षात तिथे वेगवेगळ्या गरजांची पंधरा-वीस बिऱ्हाडं आहेत, आणि त्या प्रत्येकाला आपल्या मापाचा आडोसा हवा.

वेळेचंही तसंच. विंचू जगण्यावर फार थोडं खर्च करतो. त्याच्या वजनाच्या कीटकांच्या, कोळ्यांच्या मानाने त्याची ऊर्जेची गरज साधारण चौथाई निघाली आहे. महिनोन् महिने उपाशी राहू शकतो. त्यामुळे त्याला रोज बाहेर पडावंच लागत नाही. चांदणं लख्ख असेल तर कित्येक जण आतच राहतात. मोठे बाहेर असतील त्या रात्री लहान घरात बसू शकतात. भूक ज्याला घाई करत नाही त्याला धोका टाळणं परवडतं, आणि एकमेकांना खाणारी इतकी मंडळी एका रानात टिकतात त्यात या सबुरीचा वाटा मोठा आहे.

आता लाल विंचू. तुझी खरी भीती तोच आहे, आणि ती रास्त आहे. हॉटेंटोटा टॅम्युलस. कोकणात त्याने किती घरं उद्ध्वस्त केली हे डॉ. हिंमतराव बावस्करांच्या कामामुळे जगाला कळलं. महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात तरुणपणी ते रुजू झाले, तेव्हा विंचू चावलेली धडधाकट माणसं, पोरं, फुप्फुसात पाणी होऊन डोळ्यांदेखत जात. त्यांनी रुग्णांच्या उशाशी रात्री काढून लक्षणं टिपली, आणि रक्तदाबावरचं प्राझोसिन हे औषध या विषावर चालतं हे दाखवून दिलं. शंभरात चाळीसच्या घरात जाणारे मृत्यू एकाच्या आसपास आले. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली. मला विचारशील तर ती फार उशिरा मिळाली.

पण मला सांग, लाल विंचू मी तुमच्याकडे कुठे पाहिला? मागच्या रानात नाही. घराच्या बांधकामाला आणलेल्या चिऱ्यांचा ढीग गाडी लावायच्या जागी पडला होता, त्याच्या खाली. जमीन सपाट केलेली, वर ऊन, एक झाड नाही. लाल विंचवाला गर्द रान लागत नाही. जांभ्याचा उघडा माळ, शेताचे बांध, दगडांचे ढीग, मातीच्या भिंतींच्या भेगा, कौलं: माणसाने मोकळ्या केलेल्या जागी तो मजेत राहतो, आणि घरातल्या झुरळांवर पोसतो. चिमटे बारीक, म्हणून सगळी भिस्त विषावर. आडोशांचे शंभर प्रकार असलेल्या जागेत तो अनेकांमधला एक असतो. तू ते आडोसे काढून टाकशील तेव्हा फटीतला चपटा जाईल, सालीवरचा जाईल, इंगळी जाईल. ते उघड्यावर राहूच शकत नाहीत. लाल विंचू राहू शकतो.

ब्राझीलने हा धडा फार महाग घेतला. तिथला पिवळा विंचू, टिटियस सेरुलाटस, शहरांमध्ये पसरला आहे. त्याची मादी नराशिवाय पिल्लं देते. हे 1962 सालीच समजलं होतं. गटार, पडकी भिंत, भंगाराचा ढीग, एवढं त्याला पुरतं, आणि एक मादी पोचली तरी वस्ती सुरू होते. जंगल तोडून, माती हलवून माणसाने जिथे जिथे जागा मोकळी केली, तिथे मूळचे विंचू मागे हटले आणि हा पुढे आला. ब्राझीलमध्ये विंचूदंशाने होणाऱ्या मृत्यूंमध्ये सर्वांत मोठा हात याचाच.

म्हणून माझं ऐक. घराभोवतीची पट्टी साफ कर; त्याला माझा अजिबात विरोध नाही, उलट आग्रह आहे. भिंतीपासून आठ-दहा हात जमीन मोकळी ठेव, झाडून घे. उरलेले चिरे, फरशांचे तुकडे, कौलं, लाकडाची मोळी यातलं काहीही भिंतीला टेकून ठेवू नकोस. तो ढीग सर्वांत आधी हलव, आणि हलवणाऱ्याच्या हातात जाड मोजे, पायात बूट असू दे. भिंतीच्या भेगा सिमेंटने बुजव, दारांखाली पट्ट्या लाव, न्हाणीच्या मोरीला जाळी बसव. झुरळं कमी कर. झुरळं गेली की विंचवाला आत यायला कारण उरत नाही. सईचा पलंग भिंतीपासून लांब, मच्छरदाणी गादीखाली खोचलेली, चादर जमिनीला टेकता कामा नये. चपला-बूट झटकूनच घालायचे, आणि हे गडीमाणसांनाही सांग.

एवढं करून चावलाच, तर दोरी बांधणं, ब्लेडने कापणं, मंत्रवाला शोधणं यात एक मिनिटही घालवायचं नाही. मूल सारखं रडतंय, दरदरून घाम फुटलाय, हातपाय गार पडलेत, उलटी होतेय, यातलं काहीही दिसलं तर विंचू प्रत्यक्ष पाहिला नसला तरी तडक दवाखाना गाठायचा. लहान मुलांना मोठ्यांपेक्षा जास्त धोका असतो. तुमच्या जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात प्राझोसिन आणि विंचवाच्या विषावरचं प्रतिविष दोन्ही आहेत का, हे उद्याच जाऊन विचार. रात्री डॉक्टर असतात का तेही विचार. नसतील तर सावंतवाडीपर्यंत रात्री गाडी कोण नेईल, हे आत्ताच ठरवून ठेव. तू जेसीबीला जे पैसे देणार आहेस त्यातले अर्धे यात घातलेस तर सई जास्त सुरक्षित राहील.

आणि त्या पट्टीच्या पलीकडचं रान आहे तसं राहू दे. गडगा राहू दे, ओंडका राहू दे, पाचोळा पेटवू नकोस. आजोबांनी तो गडगा घातला तेव्हा गुरं आत येऊ नयेत एवढाच हेतू होता, पण इतक्या वर्षांत त्याच्या फटींमध्ये जे जमलंय ते आपल्याला विकत आणून पुन्हा बसवता येणार नाही. विंचू हळू वाढतो, थोडी पिल्लं देतो, लांब जात नाही. इंगळीचं एक बीळ उकरलं तर तिथे पुन्हा इंगळी यायला किती वर्षं जातील, सांगता येणार नाही. मधल्या काळात लाल विंचू मात्र येऊन बसलेला असेल.

देशभूषण बास्तवडे आणि बी. के. टिकादर यांनी 1983 साली भारतातल्या विंचवांवर जाडजूड ग्रंथ काढला. बास्तवडे पुण्याचे, भारतीय प्राणी सर्वेक्षणातले. त्यानंतरही सह्याद्रीतून नव्या जाती निघतच आहेत, आणि बऱ्याचदा एखाद्या देवराईतून, घाटातल्या दरडीतून, कुणाच्या तरी परसातून. तुझ्या गडग्यातला चपटा कोण आहे, हे मला अजून नीट ओळखायचंय. मेच्या शेवटी येईन, पहिला पाऊस पडायच्या आधी. तोवर जेसीबीवाल्याला फक्त पुढचा भाग दाखव, आणि मागे दोरी बांधून घे म्हणजे त्याची चूक व्हायची नाही. रेवतीला हे पत्र वाचायला दे. तिला काही पटलं नाही तर तिने मला सरळ फोन करावा. तिचं म्हणणं ऐकायला मी बसलेय.

सईला गोड पापा.

तुझी,
मावशी